एवढ्याशानं काय होतंय

आमच्या बेंबळीत कुत्रं नेमकं कुणाचं, हा प्रश्न ते कुणाला चावल्याशिवाय निघत नाही. चावलं की त्याला मालक लागतो, आणि नेमका तेव्हाच तो सापडत नाही. एरवी कुत्रं गल्लीचं. सकाळी एकीच्या दारात शिळी भाकरी, दुपारी दुसरीच्या ओसरीला झोप, संध्याकाळी हॉटेलापुढं भज्यांचा चुरा आणि रात्री ज्याच्या अंगणात भुंकावंसं वाटेल तिथं पहारा. टिप्याही असाच सगळ्यांचा. त्यातल्या त्यात तो आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. कारण शेताकडं जाताना तो त्यांच्याच मोटारसायकलीमागं पळतो, आणि तक्रार झाली तर नाव त्यांचंच घेतलं जातं.

या टिप्याला शुगर निघाली.

निघाली ती मुंग्यांमुळं. टिप्याची पाय वर करायची जागा ठरलेली आहे, आण्णांच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक. एका सकाळी आजीनं घरात येऊन जाहीर केलं, "ट्रॅक्टरच्या चाकाला मुंग्या लागल्यात." घरातल्या सगळ्यांनी आधी आण्णांकडं बघितलं. आण्णांना बऱ्याच वर्षांची शुगर. "मी कशाला जातोय तिकडं?" आण्णा ओरडले, आणि ते ज्या आवाजात ओरडले त्यानं दोघाचौघांचा संशय उलट पक्का झाला. शेवटी टिप्यानं येऊन सगळ्यांसमोर पाय वर केला तेव्हा आण्णा निर्दोष सुटले. मूत्राला मुंग्या लागणं ही मधुमेहाची खूण आपल्या जुन्या वैद्यांना पक्की ठाऊक होती. पण त्यांनी ती माणसात बघितली. ट्रॅक्टरच्या चाकावरून निदान करणारी आमची आजीच.

बाकीची लक्षणंही होतीच, फक्त त्यांचे अर्थ वेगळे लावले गेले होते. टिप्या हौदातलं पाणी म्हशीच्या बरोबरीनं पीत होता. खायचा दोन कुत्र्यांचं आणि दिसायचा अर्धा. गल्लीचं बहुमत जंताच्या बाजूनं होतं. कुणी कडुलिंबाचा पाला सुचवला, कुणी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, आणि एका जाणत्यानं "सोयाबीनवरच्या फवारणीचं पाणी प्यालं असंल" असं सांगून विषय मिटवला. आमच्याकडं सोयाबीनवर ढकलता येत नाही असं काही नाही.

जनावरांच्या दवाखान्यात टिप्याचा नंबर शेळ्यांच्या मागं लागला. आमचा जिल्हाच शेळीचा. काळीभोर, जुळी देणारी उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. तिचं गॅझेट कुणी काढलेलं नाही. अशा रांगेत कुत्रं घेऊन उभं राहिलेल्या माणसाकडं लोक जरा दयेनं बघतात. दूध नाही, करडू नाही, आणि वर दवाखाना! डॉक्टरांनी टिप्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचून थेंबभर रक्त काढलं आणि यंत्रात घातलं. आकडा आला 438.

कुत्र्याची साखर साधारण 80 ते 120 असावी लागते. 180-200 च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. मग ती लघवीवाटे निघते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तो हौद, म्हणून ते चाक, म्हणून त्या मुंग्या. डॉक्टर हे नीट समजावून सांगत होते, पण आण्णा त्या आकड्यापाशीच अडकले होते. "चारशे अडतीस?" ते म्हणाले, "माझी बी कधी एवढी गेली नाही." आवाजात काळजी होती, आणि थोडा पराभवही होता.

"माझ्या गोळ्या चालतील का? घरात पडून आहेत." आण्णांनी विचारलं. काकूनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. त्या गोळ्या घरात पडून का आहेत, हा प्रश्न तिनं घरी जाईपर्यंत राखून ठेवला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा उपयोग नाही. कुत्र्याचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या लेकरांना होतो त्या जातीचा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपतात. म्हणजे सुई, दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, जन्मभर. कुत्री असेल तर आणखी एक भानगड असते. माजावर येऊन गेल्यावर अंगात जी संप्रेरकं वाढतात ती इन्सुलिनला जुमानत नाहीत, म्हणून तिची नसबंदी करून घ्यावी लागते. टिप्याला ती अडचण नव्हती. पुढच्या सगळ्या तपासण्या उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कराव्यात असं ठरलं. टिप्यानं बेंबळीची हद्द कधी ओलांडलेली नव्हती; तो थेट लातूर ओलांडून उदगीरला गेला, आणि तोही चारचाकीत पुढच्या सीटवर, काकूच्या मांडीवर. मागच्या सीटवर आण्णा.

मांजराचं प्रकरण वेगळं असतं, हे मला पुण्याच्या भाचीमुळं कळलं. तिच्या बोक्यालाही शुगर आहे. मांजराचा मधुमेह आण्णांच्या जातीचा: वजन वाढलेलं, हालचाल बंद, इन्सुलिन अंगात आहे पण त्याचं कुणी ऐकत नाही. खच्ची केलेल्या, घरात बसून खाणाऱ्या बोक्यांना तो जास्त होतो. भाचीचा बोका सात किलोचा आहे आणि दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून कबुतरांकडं बघतो. उंदीर म्हणजे जवळपास नुसती प्रथिनं आणि चरबी, पिठूळ काही नाही. निसर्गानं मांजरासाठी लिहून दिलेलं पथ्य तेच. भाचीला ते फ्लॅटमध्ये पाळणं शक्य नसल्यानं ती त्याला डब्यातलं मांस घालते. लवकर इन्सुलिन सुरू झालं आणि पथ्य सांभाळलं तर काही मांजरांची सुई पुढं सुटतेही. कुत्र्यांच्या नशिबी ते सहसा नसतं. अमेरिकेत तर 2022 मध्ये मांजरांसाठी शुगरची गोळीसुद्धा मंजूर झाली, पण ती कधीच इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरती. शिवाय ज्यानं मांजराला एकदा गोळी चारलेली आहे तो माणूस आपण होऊन सुई मागेल. या बोक्याच्या पाठीवर एक बिल्ला चिकटवलेला असतो, त्यावरून भाचीला ऑफिसात बसून मोबाइलवर त्याची साखर दिसते. दवाखान्यात नेलं की मांजराची साखर नुसत्या भीतीनं चढते, म्हणून घरातलाच आकडा खरा धरायचा. "आन् नवऱ्याची साखर किती आहे?" आजीनं तिला फोनवर विचारलं. भाचीला सांगता आलं नाही.

इकडं बेंबळीत पहिला प्रश्न मेडिकलवर आला. चिठ्ठीवर पेशंटचं नाव टिप्या, वय आठ. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, आण्णांकडं बघितलं, आणि हळहळून म्हणालं, "आठ वर्षांचं लेकरू आन् इन्सुलिन!" दुकानात उभ्या असलेल्या दोन बायांनी हे ऐकलं. आण्णांनी खुलासा केला, पण तोवर त्या निघून गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत घरी समाचाराला माणसं यायला लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. ग्लुकोजच्या.

आण्णांनी आणखी एक युक्ती काढली होती, की घरात त्यांचं स्वतःचं इन्सुलिन आहेच, तेच दोघांत वापरू. डॉक्टरांनी हात जोडले. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये आपल्याकडं बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि पेनातल्यात 100. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजनं पेनातलं औषध ओढलं तर चार युनिटांच्या जागी दहा जातात, आणि सोळा किलोच्या कुत्र्याला ते जीव जायला पुरेसं असतं. काकूनं तिथल्या तिथं निर्णय दिला, लाल टोपण टिप्याचं, पेन आण्णांचं, आणि फ्रिजला हात फक्त तिचा.

फ्रिजवरून आजी मध्ये पडली. नैवेद्याचं दूध आणि कुत्र्याचं औषध एका फ्रिजात तिला चालेना. "डुकराचं तर नाही ना ते?" तिनं विचारलं. कुठूनतरी तिनं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं खोटं नव्हतं. एके काळी सगळं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातूनच काढत. डुकराचं इन्सुलिन तर कुत्र्याच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळतं, एका कणाचाही फरक नाही. जनावरांसाठी म्हणून जगात जे खास इन्सुलिन विकलं जातं त्यातलं एक अजूनही डुकराचंच आहे. टिप्याची सगळी हयात गल्लीतल्या डुकरांना हाकलण्यात गेली. त्याला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी आजीला धीर दिला, "नाही आजी, डुकराचं नाही. हे बघ, बाटलीवर लिहिलंय, ह्यूमन. माणसाचं."

"माणसाचं?" आजी खालीच बसली. "माणसाचं काढून कुत्र्याला?"

मग तिला सांगितलं की माणसाचं म्हणजे माणसातून काढलेलं नाही. माणसासारखं इन्सुलिन आता मोठमोठ्या टाक्यांत जंतूंकडून तयार करून घेतात, 1982 पासून ते बाजारात आहे. "जंतूंकडून," आजी म्हणाली. तिनं उठून नैवेद्याचं दूध फ्रिजातून काढलं आणि शिंक्यात नेऊन ठेवलं. एका अर्थी बरंच झालं. लाइट गेली की फ्रिजचा भरवसा नसतो, तेव्हा बाटली डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायची असते. ती पाळी येईल तेव्हा तरी माठाशेजारी दूध नसणार होतं.

सुई कोण देणार, यावर फार चर्चा झाली नाही. आण्णांना सुईची भीती. स्वतःचं पेन ते डोळे मिटून लावतात. काकूनं पदर खोचला. मानेमागून बरगडीकडं येताना कातडी सैल असते, तिथं चिमटीत धरून उचलायची, खाली जी खोलगट जागा होते तिथं सुई घालायची. पहिल्या दिवशी काकूनं इतक्या जोरानं सुई घातली की ती कातडीच्या घडीतून आरपार निघाली आणि इन्सुलिनचा पूर्ण डोस आण्णांच्या धोतराला मिळाला. नियम असा, की डोस गेला का नाही याची शंका असली तर पुन्हा टोचायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. टिप्याचं लक्ष भाकरीकडं होतं, त्याला काही कळलंही नाही. आधी खाणं, मग सुई, हा क्रमही महत्त्वाचा. कुत्रं जेवलं नाही तर सुई द्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. टिप्याच्या बाबतीत हा प्रसंग यायची शक्यता मुळीच दिसत नव्हती.

कारण टिप्या दिवसातून दोनदा आमच्याकडं जेवत होता, आणि उरलेल्या वेळात गावाकडं.

खरी अडचण ही होती. उदगीरच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, ठरलेलं खाणं, ठरलेल्या वेळी, मध्ये काही नाही. शहरात हे जमतं. दार लावलं की कुत्रं आत आणि पथ्यही आत. बेंबळीत पथ्य एकट्या टिप्यानं पाळून भागत नव्हतं, ते अख्ख्या गल्लीनं पाळायला हवं होतं. बांधून ठेवावं तर जन्मात कधी न बांधलेलं कुत्रं रात्रभर असं रडलं की पलीकडच्या आळीतून माणूस विचारायला आला, कोण गेलं. मग काकू घरोघर गेली. हॉटेलवाल्याला सांगितलं, जिलेबीचे तुकडे बंद. पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं, सांडलेलं पीठ झाकून ठेवा. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळ्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यामुळं प्रत्येकानं टिप्याला काही ना काही दिलं. "शुगर झालीया बिचाऱ्याला. एवढ्याशानं काय होतंय."

हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, देवीच्या प्रसादाला, भूमकडून कुणी कुंथलगिरीचा खवा आणला की, आणि शुगरच्या प्रत्येक पेशंटच्या ताटाशेजारी ऐकलेलं आहे. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे म्हणतात. त्यांतल्या मराठी माणसांना हे वाक्य ऐकल्याशिवाय एक सण गेलेला नसेल. ते कुत्र्यालाही लागू करतात हे मात्र मला नवीन होतं. आण्णांच्या पोरानं टिप्याच्या गळ्यात पाटी अडकवली: मला शुगर आहे, खायला देऊ नये. तिचा उपयोग एवढाच झाला की जी माणसं आजवर टिप्याकडं बघतही नव्हती ती थांबून पाटी वाचायला लागली, आणि वाचून झाल्यावर खिशात हात घालायला लागली. पुण्याहून आलेल्या एका शहाण्यानं तर बिनसाखरेचं च्युइंगम काढलं. काकूनं ते त्याच्या हातून हिसकावलं. अशा गोळ्यांत झायलिटॉल नावाची जी गोडी असते ती माणसाला चालते. कुत्र्याच्या अंगात तिनं एकदम इन्सुलिन सुटतं, साखर धाडकन पडते, आणि कुत्रं जाऊ शकतं.

एकदा मी आण्णांना म्हटलं, कुत्र्यासाठी एवढं करायचं म्हणजे जास्तच होतंय. त्यावर आण्णांनी मला जे ऐकवलं ते त्यांनी उदगीरला डॉक्टरांकडून ऐकलं होतं. 1889 मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि ते कुत्रं जागोजागी मुतायला लागलं, तेव्हा कळलं की शुगरचं मूळ तिथं आहे. 1921 मध्ये टोरंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं तेही कुत्र्यांवरच. त्यांची मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सत्तरेक दिवस जगली. त्यानंतर, 11 जानेवारी 1922 ला, लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या पोराला पहिली सुई मिळाली. "आधी त्यांनी टोचून घेतलंय," आण्णा म्हणाले, "मग आपल्याला मिळालं." बँटिंगचा वाढदिवस 14 नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडं त्या दिवशी बालदिन असतो आणि शाळेत चॉकलेटं वाटतात. टिप्या त्या दिवशी फाटकाबाहेर हजर असतो. गेल्या वर्षी काकूही हजर होती, काठी घेऊन.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोपी, आत मांडलेले पांडव, आणि जेवायला भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. टिप्याला सकाळी खाणं घालून सुई दिलेली होती. पण शेतात तो सशामागं लागला तो तासभर परत आलाच नाही. आला तो डुलत डुलत. पाय थरथरत होते, नजर लागत नव्हती, शेवटी आंब्याखाली आडवा झाला. कुणी म्हणालं, बाधा झाली, अमावस्या आहे. आण्णांना मात्र कळलं, कारण त्यांचं स्वतःचं असं दोनदा झालेलं आहे: साखर पडली. "गूळ द्या! खीर द्या!" आण्णा ओरडले.

कुणी हललं नाही.

महिनोन्‌महिने काकूनं घरोघर जे बजावलं होतं ते नेमकं त्या दिवशी सगळ्यांच्या पचनी पडलं होतं. "नाही आण्णा, त्याला शुगर आहे," शेजारची म्हातारी खिरीचं पातेलं पदराआड करत म्हणाली. हॉटेलवाला, ज्यानं हजार वेळा जिलेबी टाकली होती, तोही गंभीरपणे म्हणाला, "काकूला विचारल्याबिगर आपण देणार नाही." काकू विहिरीवर होती. ती धावत आली, पाण्यात गूळ कालवला, बोटानं टिप्याच्या हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नसतो, शुद्ध हरपलेल्या जनावराच्या तो श्वासात जातो. थोड्या वेळानं टिप्यानं मान उचलली, मग काकूचं बोट चाटलं, मग पातेल्याच्या दिशेनं बघितलं. काकूनं त्याला खरंच वाटीभर खीर घातली. आण्णांनी तीन वाट्या खाल्ल्या. त्यांच्या म्हणण्यानुसार ती घाबरल्यामुळं.

टिप्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. शुगरच्या बहुतेक कुत्र्यांना तो होतो, कित्येकांना वर्षाच्या आत. गावात मोफत मोतीबिंदू शिबिर लागलं तेव्हा आण्णा त्याचं नाव घालायला गेले होते. आधार कार्डापाशी गाडी अडली. दिसत नसलं तरी टिप्याला सगळी घरं वासावर पाठ आहेत. पण आता सगळीकडून तो बराचसा रिकामाच परत येतो. येळवशीनंतर गल्ली सुधारली. फक्त टिप्यासाठी काढून ठेवलेलं जे असतं ते लोक टाकत नाहीत. अन्न टाकू नये. ते आण्णांना आणून देतात.

काकू एका वहीत दोघांची साखर लिहिते. डावीकडं एक, उजवीकडं एक, नावं नाहीत. तिला ठाऊक आहे कोण कुठं. परवा दवाखान्यात नवीन बदलून आलेल्या डॉक्टरांनी टिप्याला टेबलावर तपासलं आणि वही चाळली. डावीकडचं पान बघून खूश झाले. "एकशे साठ, दोनशे, एकशे ऐंशी. छान सांभाळलंय तुम्ही." मग उजवीकडं आले आणि कपाळाला आठी पडली. "हे दुसरं कोण? जेवणानंतर तीनशे बारा? याला काय मोकळं सोडताव का?"

"व्हय, तिथंच चुकतंय," काकू म्हणाली. "गावात कुठंबी जाऊन खातंय."

"बांधून ठेवा की मग आठ दिवस. आन् पुढच्या वेळी त्याला बी घेऊन या, बघू."

काकूनं बाकड्यावर बसलेल्या आण्णांकडं बघितलं.

"आणलंय की," ती म्हणाली, "पण टेबलावर चढायचं नाही ते."